ती चालायला येत नाही. मी करू तरी काय?

पत्राचा सारांश: कोल्हापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५४, बँकेत अधिकारी. पत्नी ४९ वर्षांच्या, एका पतसंस्थेत नोकरी करतात. घरात वाचकांच्या आई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. पत्नीला सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या त्या न चुकता घेतात, तरी शेवटचं एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.६ आलं. डॉक्टर प्रत्येक भेटीत सांगतात, चाला. वाचक स्वतः कित्येक वर्षं पहाटे मित्रांबरोबर रंकाळ्यावर फिरायला जातात आणि त्यांची शुगर नॉर्मल आहे. पत्नीने चालावं म्हणून त्यांनी पावलं मोजणारं घड्याळ आणलं, जिमचे वर्षाचे पैसे भरले, पहाटे हाका मारून उठवलं, मेहुणीला फोन करून समजवायला सांगितलं. एका लग्नात पत्नीच्या ताटातली जिलबी सगळ्यांदेखत काढून घेतली. मध्यंतरी त्या दोन दिवस रंकाळ्यावर आल्या. तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत फिरल्या आणि ‘मला पुन्हा विचारू नका’ म्हणाल्या. गेल्या महिन्यात ‘माझ्या शुगरचा हिशेब तुम्ही ठेवू नका’ असं त्यांनी सुनावलं आणि तेव्हापासून या विषयावर घरात बोलणंच बंद आहे. वाचक विचारतात, “तिला स्वतःच्या तब्येतीची पर्वाच नाही. मी बोलणं सोडून देऊ, की आणखी कडक होऊ? माझ्या वडिलांचा पाय याच आजारात कापावा लागला. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.”

नमस्कार.

वडिलांबद्दलची ओळ तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलीत. ती वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेव्हा घड्याळ, जिम, पहाटेच्या हाका, मेहुणीला केलेला फोन या सगळ्यामागे एकच गोष्ट दिसली. तुम्ही घाबरला आहात. वडिलांचं जे झालं ते बायकोचं होऊ नये म्हणून तुमचा जीव तुटतो आहे. ही तळमळ खरी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. पण ही भीती तुम्ही पत्नीला कधी बोलून दाखवलीत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचल्या त्या सूचना, तुलना आणि लग्नातली ती जिलबी. ‘मला तुझी काळजी वाटते, बाबांचं सगळं आठवतं आणि झोप लागत नाही,’ हे त्यांनी तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

दुसरं म्हणजे, त्यांना पर्वा नाही हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. सहा वर्षं गोळी न चुकवणारी, तपासणीला वेळेवर जाणारी बाई बेपर्वा कशी? जिथे शिस्तीने जमतं तिथे त्या सगळं करत आहेत. चालणं जमत नसेल, तर त्याची कारणं शोधायला हवीत.

शोधायला सुरुवात कुठून करायची, तर त्या तिसऱ्या दिवसापासून. दोन दिवस त्या आल्या होत्या, म्हणजे यायची इच्छा होती. तिसऱ्या दिवशी काहीतरी घडलं. काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला वाटतं तुम्ही विचारलंही नसावं. मी इथे बसून निदान करणार नाही, पण काही शक्यता तुमच्यापुढे ठेवते.

पहिली शक्यता शुगर एकदम खाली गेल्याची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर सहसा असं होत नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रात्रभरच्या उपाशी पोटी, नुसत्या घोटभर चहावर भराभर चालल्यावर रक्तातली साखर ७०च्या खाली घसरू शकते. मग दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रस्त्यात, नवऱ्याच्या मित्रांसमोर हे एकदा झालं की माणूस पुन्हा त्या वाटेला जायला धजत नाही. आणि पुष्कळदा तो हे कुणाला सांगतही नाही, कारण नेमकं काय झालं ते त्याचं त्यालाच कळलेलं नसतं.

दुसरी शक्यता बायका क्वचितच बोलून दाखवतात. पन्नाशीच्या आसपास, पाळी जाण्याच्या काळात, भराभर चालताना किंवा खोकताना थेंबभर लघवी होणं खूप जणींना असतं. मधुमेहात हा त्रास आणखी वाढतो. त्यात वाटेत स्वच्छतागृह नाही. घरातून पाऊल टाकण्यापूर्वी त्या बाईच्या डोक्यात पहिला हिशेब हा असतो. यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात आणि त्यांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. मात्र त्याआधी हे कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे.

तिसरी, पायांची. तळव्यांना मुंग्या, टाच दुखणं, गुडघा, न बसणारी चप्पल. आणि चौथी अगदी साधी: तुमचा वेग. वर्षानुवर्षांची सवय असलेली चार माणसं गप्पा मारत पुढे, आणि त्या मागे दम लागून धावपळ करत. दोन दिवस त्यांनी ते सोसलं असेल.

यातलं खरं कारण कोणतं हे त्याच सांगू शकतील. पण उलटतपासणी करू नका. एखाद्या निवांत वेळी, आई आणि मुलगा आसपास नसताना एवढंच म्हणा, “त्या दिवशी तू अर्ध्यातून परत आलीस. तुला काय होत होतं ते मी तेव्हा विचारलंच नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.” आणि मग थांबा. पहिल्या वेळी कदाचित त्या काहीच बोलणार नाहीत. तरीही चालेल. वडिलांबद्दलची भीती त्याच वेळी सांगा. आणि जिलबीसाठी माफी मागा, सरळ शब्दांत, ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ हे शेपूट न लावता. चारचौघांत ताटात हात घातला गेला की माणसाला स्वतःचं शरीर स्वतःच्या ताब्यात राहिलं नाही असं वाटतं. ‘माझ्या शुगरचा हिशेब तुम्ही ठेवू नका’ हे वाक्य मला तिथूनच आलेलं वाटतं.

आता वेळेबद्दल. तुम्ही पहाटे पावणेसहाला घराबाहेर पडता आणि सव्वासातला परत येता, तेव्हा चहा-पोहे तयार असतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्या साडेपाचला उठतात. आईंचं गरम पाणी, देवपूजा, दोन डबे, नाश्ता आणि दहाला कामावर हजर. तुमचं रंकाळ्यावर जाणं या सगळ्यावर उभं आहे. तुम्ही ज्या वेळेला त्यांना हाक मारता, ती त्यांच्या दिवसातली सगळ्यात गर्दीची वेळ आहे. त्या तुमच्याबरोबर आल्या असत्या तर पोहे कुणी केले असते? त्या दोन दिवशी कुणी केले, हे आठवून पाहा. माझा अंदाज आहे की त्या साडेपाचऐवजी साडेचारला उठल्या असतील.

हे एका घराचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या लोकांची शारीरिक हालचाल मोजली गेली. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं, आणि व्यायाम म्हणून मोकळ्या वेळात काही करणारे दहा टक्केही नव्हते. मोकळा वेळच नसेल तर त्या वेळात करणार काय?

यावर कुणी म्हणेल, घरकाम हा व्यायामच की. थोडा आहे. केर काढणं, लादी पुसणं, जिना चढणं याने नाडी वाढते, ते मोजायला हरकत नाही. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहण्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. घरच्या घरी ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की मध्यम व्यायाम झाला. पोळ्या लाटताना बाई आरामात गाते.

सल्ल्याच्या ताकदीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तुमची सगळी मदार त्यावर आहे. २०११ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ठरवून, नियमाने करून घेतलेल्या व्यायामाने एचबीए१सी सरासरी पाऊण टक्क्याच्या जवळपास उतरलं. नुसता ‘व्यायाम करा’ असा सल्ला, आहाराची जोड न देता, दिला गेला तिथे मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. हा सल्ला तर तज्ज्ञांचा होता. नवरा-बायकोच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक होते. अमेरिकेत मधुमेहींच्या जोडप्यांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या गेल्या, तेव्हा जोडीदाराने साथ दिलेल्या दिवशी रुग्णाची हालचाल वाढलेली दिसली. दबाव आणला त्या दिवशी फायदा तर झाला नाहीच, उलट काही वेळा ती घटली. तुमच्या ‘कडक होऊ का’ या प्रश्नाचं माझं उत्तर यात आलं. कडक होऊ नका.

मग बोलणं सोडून द्यायचं का? तेही नको. अचानक आलेली शांतता त्यांना ‘आता याने माझा नाद सोडला’ अशी ऐकू येईल, आणि तुम्ही आतल्या आत धुमसत राहाल. माझं मत असं आहे की या दोन्हींपेक्षा वेगळी, जास्त मेहनतीची एक वाट आहे. तुम्ही त्यांना तुमच्या व्यायामात ओढत होतात. आता दोघांनी मिळून एखादी नवी गोष्ट सुरू करा, जिच्यात तुम्हीही नवखे असाल.

हे मी हवेत बोलत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या साडेतीन हजारांहून जास्त जोडप्यांची माहिती तपासली, तो अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्या बायका आधी व्यायाम करत नव्हत्या त्यांच्यापैकी, नवराही बसून राहिला त्या घरांत २४ टक्के जणी व्यायाम करू लागल्या. नवऱ्याने नव्याने सुरुवात केली तिथे ६६ टक्के. पुरुषांचे आकडे जवळपास असेच होते. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, जोडीदार आधीपासूनच नेमाने व्यायाम करणारा असेल तर थोडा उपयोग होतो, पण जोडीदार आपल्याबरोबर नव्याने सुरू करतो तेव्हा तो कितीतरी जास्त होतो. तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर कायमचे पास झालेले विद्यार्थी आहात. त्यांच्या शेजारच्या बाकावर येऊन बसायला हवं.

ती नवी गोष्ट म्हणून मी रात्रीची शतपावली सुचवेन. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, दोघांनीच. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या त्याच माणसांना काही दिवस ‘दिवसातून कधीही अर्धा तास चाला’ सांगितलं आणि काही दिवस ‘प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला’ सांगितलं. जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्क्यांचा होता. कारण उघड आहे. दिवसातलं सगळ्यात भरपेट जेवण आपल्याकडेही पुष्कळ घरांत रात्रीच होतं आणि त्यानंतर आपण टीव्हीपुढे बसतो. चालायला लागलं की मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतात. शिवाय पोटात अन्न असल्यामुळे उपाशीपोटी चालण्यापेक्षा शुगर खाली जाण्याची भीती कमी. तुमच्या आईंनाही शतपावली पटेल. सुनेने ‘वॉकला’ जाणं त्यांना कदाचित रुचणार नाही. तरीही त्या काही बोलल्या, तर उत्तर तुम्ही द्यायचं. ते काम पत्नीवर सोडू नका.

मात्र यासाठी जेवणानंतरचं स्वयंपाकघर त्यांच्या हातून सुटलं पाहिजे. भांडी घासायला टाकणं, उरलेलं काढून ठेवणं, ओटा पुसणं, दूध विरजणं हे आजपासून तुमचं आणि मुलाचं. ‘मी तुला मदत करतो’ असं म्हणू नका, कारण मदत म्हटलं की काम त्यांचंच राहतं आणि भांडी कुठे ठेवायची हे दहा वेळा त्यांनाच विचारलं जातं. तुम्ही चालायला गेलात की मुलाने आवरायचं, किंवा परत आल्यावर तुम्ही. सकाळचे पोहेही आठवड्यातून तीन दिवस तुम्ही करा. रंकाळ्यावरून पाऊण तास आधी परत या. मित्र थोडे दिवस कुरकुरतील.

आणि इथे एक अट आहे, ती सगळ्यात अवघड. हे काम तुम्ही त्या चालल्या तरी करायचं आणि नाही चालल्या तरी. मोकळ्या झालेल्या वेळेत त्या मालिका बघतील, बहिणीशी बोलतील किंवा सरळ झोपतील. झोपू द्या. अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचं काम बिघडतं. ‘तुझ्यासाठी मी ओटा पुसला आणि तू पडून राहिलीस’ हे वाक्य ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी ओटा पुसणं हाही दबावच होईल.

शतपावलीला पहिल्या रात्री बोलवताना सूचना नको, निमंत्रण द्या. “मी खाली दहा मिनिटं चालून येतोय. येतेस?” नाही म्हणाल्या तर एकटे जा, परत येऊन त्याबद्दल काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आल्या तर वेग त्यांचा, वाट त्यांची, परत कधी फिरायचं तेही त्यांनी ठरवायचं. फोन घरी ठेवा, निदान खिशाबाहेर काढू नका. चालताना शुगर, वजन, रिपोर्ट हे विषय बंद. लग्नाला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली की नवरा-बायकोंना फक्त एकमेकांशी बोलायला दहा मिनिटं मिळत नाहीत. त्या जर पुढे स्वतःहून रोज यायला लागल्या, तर बहुधा या गप्पांसाठी येतील. शुगर उतरेल ती उतरेलच.

कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता जूनपासून पुढचे महिने गच्ची, पार्किंग, जिना किंवा घरातल्या घरात हॉल ते गॅलरी अशी सोय आधीच ठरवून ठेवा. पावसात मोडलेला नेम दिवाळीपर्यंत परत लागत नाही, हा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

हिशेब सांगते, कारण तुम्ही बँकेतले आहात आणि तुम्हाला आकडा लागेल. प्रौढ मधुमेहींसाठी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला जातो. रोज रात्रीची १५ मिनिटं म्हणजे १०५ झाली. रविवारी संध्याकाळी दोघांनी रंकाळ्यावर पाऊण तास, मित्रांशिवाय, म्हणजे १५० भरली. सुरुवातीला शंभर झाली तरी शंभर शून्यापेक्षा कितीतरी चांगली. फक्त सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये, कारण व्यायामाने स्नायूंना आलेली साखर वापरण्याची तत्परता दोन-तीन दिवसांत ओसरते.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम हवेत, आणि ते तुम्हालाही हवेत. आपल्याकडे वजन आटोक्यात असलं म्हणजे झालं असं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची घडण आहे. साखर साठवायची मोठी जागा म्हणजे स्नायू, तेच कमी. तेव्हा तुमची शुगर आज नॉर्मल असली तरी तुम्ही या व्यायामात त्यांच्याइतकेच नवखे आहात, आणि हे मला फार उपयोगाचं वाटतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं ढकलणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, टाचा वर करून उभं राहणं. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. तुम्हाला पंधराव्या वेळी खुर्चीतून उठवलं नाही आणि त्या उठल्या, तर घरातलं वातावरण बदलेल. फक्त डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती आधी करून घ्या. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल तर जड वजन उचलणं आणि श्वास कोंडून जोर लावणं धोक्याचं असतं.

जिमबद्दल एकच सांगते. पैसे परत मिळत असतील तर घ्या, नाहीतर मुलाच्या नावावर करा. घड्याळ हवं असेल तर त्या वापरतील, पण त्यातली पावलं तुमच्या फोनवर दिसत असतील तर ती जोडणी आजच काढून टाका.

काळजी घ्यायच्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. बाहेर पडताना खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात. थरथर, घाम, गरगरणं सुरू झालं की तिथेच बसायचं आणि साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यात घालून घ्यायची. पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा बघायची, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धपदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घामावर लक्ष ठेवावं लागतं. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर चालणं थांबवून लगेच डॉक्टर.

पायांचं तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही वडिलांबरोबर ते पाहिलं आहे. पुढून बंद, पंज्याला ऐसपैस बूट, सुती मोजे, घालण्यापूर्वी बुटात हात घालून खडा-काटा बघणं आणि रात्री तळवे पाहणं. अनवाणी गवतावर चालल्याने शुगर उतरते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. संवेदना कमी झालेल्या पायाला काटा लागलेला कळत नाही. रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही पाहिलेत, त्यांना चालत असेल तर, तर तुमच्या भीतीलाही एक काम मिळेल. आधी परवानगी मात्र घ्या.

या सगळ्यानंतरही त्या महिना-दोन महिने हलल्या नाहीत, आणि शिवाय जेवणात लक्ष नाही, झोप बिघडलेली, आवडीच्या गोष्टीही नकोशा असं दिसलं, तर त्याला आळस समजू नका. मधुमेह असणाऱ्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यावर उपचार होतात. डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांच्या नवऱ्याला मधुमेह आहे त्या बायकांनी वरचं सगळं उलट करून स्वतःवर ओढवून घेऊ नये. नवऱ्याचे बूट काढून ठेवणं, त्याला उठवणं, त्याच्या पावलांची वही ठेवणं हे तुमच्या कामांच्या यादीत आणखी एक काम झालं, तर तुमचाच व्यायाम बुडेल. तुमचं चालणं तुम्ही ठरवा, त्याला बरोबर बोलवा, आणि कारणं विचारा. पुरुषही भीती लपवतात, फक्त ते ‘ऑफिसमध्ये वेळ नाही’ म्हणतात. नोकरीमुळे एक पुण्यात, एक दुबईत अशी जोडपी असतील तर रोजचा फोन दोघांनी चालता चालता करावा. बसून बोलण्याची वीस मिनिटं तशीही खर्च होतच असतात. आणि जोडीदार इन्सुलिनवर असेल, मग तो टाइप १ असो की टाइप २, तर व्यायामाची वेळ, खाणं आणि डोस यांचं गणित डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय नवीन काही सुरू करू नका. व्यायामाआधी शुगर ९०च्या खाली असेल तर आधी थोडं खाणं, आणि संध्याकाळी जास्त व्यायाम झाला असेल तर रात्री झोपण्यापूर्वी एकदा तपासणं, एवढं दोघांनाही माहीत असावं.

परत तुमच्याकडे येते. तिसऱ्या दिवशी शुगर उतरली होती असं पत्नीकडून कळलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलता येते, कधी गोळीही बदलता येते, आणि चालणं वाढलं की तो विचार करावाच लागतो. त्यांनी ‘या’ म्हटलं तरच बरोबर जा. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्यांना बसू द्या, तुम्ही बाजूला बसा. ‘ही चालतच नाही’ हे वाक्य तिथे बोलायचं नाही. जाण्याआधी दोघांनी कागदावर प्रश्न लिहा: पहाटे चालायचं असेल तर गोळी कधी घ्यायची, पायांची संवेदना तपासली आहे का, डोळे कधी दाखवायचे, कोणता व्यायाम टाळायचा, हृदयाची काही तपासणी आधी हवी का. लघवीचा त्रास असेल तर तो त्यांना एकटीने सांगायचा असेल. तेवढी पाच मिनिटं बाहेर जाऊन बसा. पुढचं एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, कारण तो आकडा साधारण तेवढ्या काळाचं सरासरी चित्र दाखवतो. त्याआधी रोज सकाळी मीटरकडे बघून चालण्याचा निकाल लावू नका. आणि तो रिपोर्ट आला की पाकीट त्यांना उघडू द्या.